सुकटीवर दळलेलं सोयाबीन

मॅडम पहिल्या भेटीत माणसाचं नाव विचारत नसत. मी पीएचडीसाठी त्यांच्याकडे कल्याणच्या कॉलेजात पहिल्यांदा गेलेले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पोट कसं आहे?"

मला वाटलं जेवलीस का, असं विचारतायत. म्हटलं, "हो मॅडम, डबा खाल्ला."

"ते नाही गं विचारलं. पोट कसं आहे? साफ होतं? लहानपणी अँटिबायोटिक्स फार झाली का? दूध चालतं?"

स्टाफरूममध्ये इतर विषयांचे प्राध्यापक बसलेले, सगळे पेपर तपासायचं सोडून माझ्या उत्तराची वाट बघत होते. माझे कान लाल झाले. तरी मी सगळं सांगितलं, अगदी जांभळं सोसत नाहीत इथपर्यंत. मॅडमनी समाधानानं मान हलवली. "चालेल. आता नाव सांग."

त्यांचं हे सगळ्यांच्या बाबतीत होतं. प्राचार्य, रिक्षावाला, परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक, लग्नात भेटलेली नवरी मुलगी, कुणीही असो. पहिल्यांदा ऐकणारा गडबडायचा. पण चेष्टा किंवा आगाऊपणा त्यात अजिबात नव्हता. माणसाच्या काय किंवा माशाच्या काय, आतड्यात जे कोट्यवधी जिवाणू राहतात, त्यांना मॅडम 'आतली मंडळी' म्हणायच्या, आणि त्यांच्या मते ओळख करून घ्यायची तर त्या मंडळींपासूनच सुरुवात करायला हवी. "मासा नुसता गिळतो गं," त्या म्हणायच्या, "खातात ती आतली मंडळी. त्यांचं बिनसलं की माशाचं बिनसलं."

माझ्या आईला मात्र हे पटायला वेळ लागला. कल्याण पूर्वेला आमच्या चाळीत मी पहिली एमएस्सी. आईनं विहारात सगळ्यांना सांगून झालेलं, पोरगी आता डॉक्टर होणार. शेजारणीनं विचारलं, कसली डॉक्टर? आई घरी येऊन माझ्यावर उखडली. "माशाच्या पोटात काय असतं ते बघायला एवढी शिकलीस? मी रोज बघते ते, मोरीत बसून!" मी हे मॅडमना सांगितलं, तर त्या खूश होऊन दुसऱ्याच आठवड्यात आमच्या घरी हजर. आईला म्हणाल्या, "ताई, तुम्ही मासा साफ करता तेव्हा आतडं कुठल्या रंगाचं दिसतं?" मग दोघी तासभर मोरीशी बसल्या होत्या. जाताना मॅडमनी आईच्या हातची सुकटीची चटणी डब्यात भरून नेली. त्यानंतर आई माझ्यापेक्षा त्यांच्याच बाजूनं बोलायला लागली.

मॅडम खाडीकाठच्या गावातल्या. डोंबिवलीच्या पलीकडे त्यांच्या थोरल्या भावाचं, दादाचं, मोठं तळं होतं आणि त्यात तो जिताडा वाढवायचा. जिताडा म्हणजे आमच्या ठाणे जिल्ह्यातला राजा मासा. जावई आला की जिताडा, मोठा साहेब आला की जिताडा. पण हा राजा पक्का मांसाहारी. त्याला जे विकतचं खाद्य घालतात त्यात बारीक मासळी सुकवून दळलेली असते. मॅडमचा सगळा राग त्या एका गोष्टीवर होता. "लहान मासळी दळायची, मोठ्याला घालायची, आणि मोठा मासा हॉटेलात जायचा. मग गावातल्या म्हातारीनं कालवणात काय टाकायचं? माझी आई सुकटीवर वाढली. मी सुकटीवर वाढले. ती आता पोत्यात भरून खाद्याच्या कारखान्यात जाते!" हे बोलताना त्यांचा आवाज एवढा चढायचा की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबायचं.

म्हणून त्यांनी ठरवलेलं, जिताड्याला सोयाबीनवर आणायचं. या विषयात काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं की ते अवघड आहे. मांसाहारी माशाला सोयाबीनची पेंड घातली की आतली मंडळी बदलतात. जुन्या ओळखीचे जिवाणू कमी होतात, भलतेच वाढतात, आतडं सुजतं, मासा खायचा थांबतो. मॅडमना ते मान्य होतं. पण नीट दळलं, नीट मिसळलं, हळूहळू सवय लावली तर जमेल, यावर त्यांचा फार भरवसा होता. त्यांनी तो भरवसा मलाही दिला.

कॉलेजच्या गच्चीवर पत्र्याची शेड होती आणि खाली टाक्यांच्या दोन रांगा. एक मांसाहारी, एक शाकाहारी. मासे दादाच्या तळ्यावरून आणलेले, बोटाएवढे. एका रांगेला सुकटीचं खाद्य, दुसऱ्या रांगेला सोयाबीनचं. खाद्य आम्ही स्वतः करायचो. पीठ मळायचं आणि चक्क शेवेच्या सोऱ्यातून गाळायचं. मॅडमनी घरचे दोन सोरे आणले होते, एकाच्या दांड्याला लाल दोरा, एकाच्या हिरवा. लालचा हात हिरव्याला लागता कामा नये. दोन्हींच्या पराती वेगळ्या, चादरी वेगळ्या, हात पुसायचे रुमाल वेगळे. शाकाहारी पिठाला हात लावायच्या आधी त्या मला कोपरापर्यंत साबण लावायला लावायच्या. मग शेव गच्चीवर उन्हात वाळत घालायची. भर मे महिन्यात आम्ही दोघी टोप्या घालून कावळे हाकलत बसायचो आणि खालून जाणारी पोरं ओरडायची, "मॅडम, कुरडया झाल्या का?"

प्रत्येक घाणा त्या स्वतः चाखायच्या. डोळे मिटून, दोन दाढांमध्ये धरून. "हा जरा जाड आलाय," किंवा "पेंडीला वास मारतोय, परत कर," असा निकाल यायचा. एकदा कॉलेजला तपासणी समिती आली. त्यातल्या एका सरांनी आमच्या प्रयोगशाळेत टेबलावरचा डबा उघडून दोन मुठी शेव फस्त केली. म्हणाले, "व्वा, कमी तेलाची दिसते." मी घाबरून मॅडमकडे पाहिलं. त्या एकटक त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, केवढ्या तरी उत्सुकतेनं. "सर, अजून घ्या ना," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या सरांना त्यांनी आवर्जून फोन केला. काय विचारलं ते वेगळं सांगायला नको.

त्यांच्या पिशवीला कायम सुकटीचा वास. शेअर रिक्षात आम्ही बसलो की तिसरा प्रवासी पुढं ड्रायव्हरशेजारी जायचा. शहाडला त्यांच्या घरापासून नाक्यापर्यंत मांजरं सोडायला यायची. मॅडमना यातलं काही जाणवायचंच नाही, कारण त्या सतत विचारात. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडायच्या, डोळे कुठंतरी लागायचे, आणि चालू पडायच्या. उरलेलं वाक्य कधी दुसऱ्या दिवशी मिळायचं, कधी नाहीच. विद्यार्थ्यांनी त्याची सवय करून घेतली होती. त्या वर्गातून अशा निघून गेल्या की मुलं शांतपणे बसून राहायची, कारण बऱ्याचदा त्या परतही यायच्या.

पहिल्या प्रयोगाचा निकाल आला तो दिवस मी विसरणं शक्य नाही. माशांच्या आतड्यातले नमुने आम्ही बाहेरच्या लॅबला पाठवलेले. तिथून रंगीत पट्ट्या यायच्या. एकेका माशाची एकेक पट्टी, आणि पट्टीतला एकेक रंग म्हणजे जिवाणूंचं एकेक घराणं. मी फाइल उघडली. मांसाहारी रांगेच्या पट्ट्या आणि शाकाहारी रांगेच्या पट्ट्या शेजारी शेजारी. सारख्याच! तेच रंग, जवळपास त्याच रुंदीचे. सोयाबीन खाऊन जिताड्याच्या आतली मंडळी जागची हलली नव्हती. मासेही मस्त वाढलेले, आतडी गुलाबी, सूज नाही. मी किंचाळले. मॅडमनी मला मिठी मारली आणि मग दोघींनी मिळून प्रयोगशाळेतल्या शिपाईकाकांनाही मारली. पेढे आणले. गच्चीवर जाऊन माशांनाही दाखवले.

त्याच संध्याकाळी मॅडमनी दादाला फोन लावला. दादा मोजकं बोलणारा माणूस, विकतचं खाद्य कधी बदललं नाही, कुणाच्या सांगण्यावरून काही करणारा नव्हे. पण त्यानं गच्चीवरचे मासे येऊन पाहिले होते. त्याच्याच तळ्यातले, सोयाबीनवर चांगले वाढलेले. तो म्हणाला, "तुझे खातात ना गो बाय? मग माझे पण खातील." आणि त्यानं खाद्य पुरवणाऱ्या नेहमीच्या माणसाला सांगून टाकलं, आता तुझं खाद्य नको. गावातल्या गिरणीत सोयाबीनची पेंड पोत्यांनी दळून घेतली, घरच्या बायकांना बसवून शेव पाडून घेतली. अख्खं तळं रविवारपासून सोयाबीनवर. पुढच्याच आठवड्यात ठाण्याला एका परिसंवादात मॅडमचं भाषण होतं, तिथं हा निकाल जाहीर होणार होता. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्याच पट्ट्यांवर उभं होतं.

तो रविवार. भाषणाची तयारी करायला मी सकाळीच शहाडला मॅडमच्या घरी गेलेले. त्यांना अर्ध्यातच आठवलं की घरातलं पीठ संपलंय. मग गव्हाचा डबा मी घेतला आणि आम्ही गिरणीत गेलो. ही तीच गिरणी, जिथं आमचं खाद्य दळलं जायचं. तिथं पुढं दोन चक्क्या होत्या धान्याच्या, आणि कोपऱ्यात एक जुनी, भरड्याची. कोंबड्यांचं, गुरांचं दळण त्या कोपऱ्यातल्या चक्कीवर व्हायचं आणि आमचंही.

गर्दी होती. गिरणीवाल्यानं आमचा डबा उचलला आणि चक्कीकडे वळला, तशा मॅडम कडाडल्या. "थांबा हो! कशावर टाकताय माझे गहू?"

"ज्वारी झाली आत्ता. लगेच घेतो, चला."

"ज्वारीवर नाही चालणार. पोळ्या तुटतात. गव्हावर गहू होऊ दे, मी थांबते. आधीच्याचं पीठ आत राहतं, ते माझ्यात..."

आणि वाक्य तिथंच थांबलं.

मला वाटलं नेहमीचंच. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी डबा खाली ठेवला. त्या कोपऱ्यातल्या चक्कीकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "आपण आधी काय दळायचो?"

"सुकट," मी म्हटलं. "मग सोयाबीन." आणि मीही त्या चक्कीकडे बघायला लागले.

दर खेपेला तसंच झालं होतं. सुकटीचा वास कपड्यांना लागतो म्हणून ते आधी उरकून टाकायचं आणि मागोमाग त्याच चक्कीवर सोयाबीन. दोन सोरे, दोन पराती, लाल दोरा, हिरवा दोरा, कोपरापर्यंत साबण! आणि घरच्या गव्हासाठी आयुष्यभर गिरणीत भांडलेल्या बाईला हे एकदाही सुचलं नव्हतं की सोयाबीन कशावर दळलं जातंय. आमची शाकाहारी रांग पहिल्या दिवसापासून सुकट खात होती. दादाच्या पोत्यांत मात्र निव्वळ सोयाबीन होतं.

"दादा," मॅडम म्हणाल्या, आणि पळत सुटल्या.

खरोखर पळत. साठीला टेकलेली बाई, पायात चपला, मागं मी, माझ्या मागं गिरणीवाला ओरडतोय, "मॅडम, डबा!" दादाला फोन लावायचा प्रश्नच नव्हता, तळ्यावर जाताना तो फोन घरी ठेवायचा. वहिनींना लावला तर त्या म्हणाल्या, गेले मघाशीच घमेली घेऊन. रिक्षा मिळाली. मॅडम सीटच्या टोकावर बसून रिक्षावाल्याला म्हणत होत्या, "जरा पळव रे बाळा, पळव." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला पोट विचारलं नाही. माझ्या डोक्यात फक्त माझं प्रकरण फिरत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांच्या डोक्यात ते तळं होतं.

आम्ही बांधावर पोचलो तेव्हा दादा रिकामं घमेलं हातात धरून उभा होता. पहिली खेप टाकून झालेली. मासे वर येत होते, मोठे मोठे, वर्षभर वाढवलेले. यायचे, तोंड उघडायचे, शेव आत घ्यायचे, आणि फुर्रकन बाहेर टाकायचे. परत दुसरा यायचा, घ्यायचा, टाकायचा. पाण्यावर शेव तशीच तरंगत होती.

"बग," दादा म्हणाला. "तोंडात घेतात नि थुंकतात. तुझे तर खात होते."

मॅडमना धाप लागलेली. "दादा, थांब. अजून टाकू नको. माझं चुकलं." आणि त्यांनी तिथंच बांधावर उभं राहून सगळं सांगितलं, काही न लपवता, गिरणीसकट.

दादानं ऐकून घेतलं. घमेलं उपडं ठेवलं. "म्हंजे तुझ्या माशांनी सुकट खाल्ली."

"हो."

"नि मी सगळ्या गावाला सांगून बसलोय, माझी बहीण जिताड्याला सोयाबीन खायला शिकवते." तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता तळ्याकडे बघत म्हणाला, "यापुढं मना माशांचं काय सांगू नको, बाय. बाकी काय पण सांग."

त्यानं खाद्याच्या जुन्या माणसाच्या हातापाया पडून परत खाद्य चालू केलं, म्हणून तळं वाचलं. मॅडमना मात्र ते वाक्य लागलं. परत येताना त्या एकदाच बोलल्या. "लहानपणी मला पोहायला यानं शिकवलं. याच्यासमोर मी कधी खोटी पडले नव्हते."

विभागातल्या एका सहकाऱ्यानं सुचवलं, भाषण रद्द करा, तब्येत बरी नाही म्हणा. मॅडम म्हणाल्या, "माझी तब्येत उत्तम आहे, पोट साफ आहे, का खोटं बोलू?" ठाण्याच्या त्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या, पहिल्यांदा त्या सुंदर रंगीत पट्ट्या दाखवल्या, आणि म्हणाल्या, "हे सगळं चूक आहे." मग गिरणीची गोष्ट सांगितली. लोक हसले, आणि हसण्यासारखीच होती. मॅडमही हसल्या. मी खाली बसून रुमाल चावत होते. त्या सांगत गेल्या, "तर चक्कीत राहिलेली सुकट आमच्या सोयाबीनमध्ये उतरत होती. आता तुम्ही म्हणाल केवढीशी ती, चक्कीच्या दगडांच्या फटीत राहते तेवढी, पण तेवढ्याशा सुकटीनं आमच्या माशांची आतली मंडळी..."

थांबल्या.

सभागृहाला वाटलं, बाईंना भरून आलंय. कुणीतरी पाणी पुढं केलं. मी मात्र ताठ झाले, कारण ते डोळे मी ओळखत होते.

"केवढीशी?" मॅडम माइकमध्येच म्हणाल्या. "अगं, पण केवढीशी?" त्या थेट माझ्याकडे बघत होत्या. "उरलेलं सगळं सोयाबीनच होतं ना! तरी मंडळी हलली नाहीत! अगं, आपण हरलेलो नाही!" आणि त्या स्टेजवरून उतरल्या, माझा हात धरला, अध्यक्षांना म्हणाल्या, "माफ करा, आम्हाला गिरणीत जायला हवं." मागं टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना.

ठाण्याहून आम्ही थेट गिरणीत. मॅडमनी गिरणीवाल्याला गळ घातली. कोपऱ्यातली चक्की झाडून घेतली, त्यात सुकट दळली, आणि मग त्याला चक्कीचे दगड उघडायला लावले. मी कुंच्यानं आतला कण न् कण कागदावर झाडून घेतला. वाटीभरसुद्धा भरली नाही. आमचं दळणही काही पोत्यांचं नसायचं, त्यामुळे तेवढी वाटी त्यात सगळीकडे पोचली असणार. मॅडम तो कागद दोन्ही हातांत धरून रस्त्यावर उभ्या होत्या. "एवढीशी!" येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होत्या. "बघा, एवढीशी पुरते!" लोकांना वाटलं, अंगारा वाटतायत. एका आजींनी तर हात पुढं केला.

मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. आता रांगा तीन. एक निव्वळ सुकटीची, एक निव्वळ सोयाबीनची, आणि एक सोयाबीनमध्ये त्या वाटीच्या हिशेबानं सुकट घातलेली. दळणासाठी तीन मिक्सर, तिघांची भांडी वेगळी. मॅडमच्या घरी चटणी वाटायला मिक्सर उरला नाही, त्या आईकडून वाटून न्यायच्या. गच्चीवर परत टोप्या, परत कावळे. मला कंटाळा यायला हवा होता, पण मॅडमबरोबर कंटाळायला वेळच मिळायचा नाही. रोज सकाळी त्या तिसऱ्या रांगेसमोर उभ्या राहून माशांना विचारायच्या, "मंडळी आहेत ना सगळी?"

दादाबरोबरचं मात्र तसंच राहिलं. भाऊबीजेला मॅडम मला घेऊन गेल्या. त्यांनी ओवाळलं, त्यानं साडी दिली, आग्रह करकरून वाढलं. भाताचं बोलला, पोरांच्या नोकऱ्यांचं बोलला, नव्या रस्त्याचं बोलला. माशांचं एक अक्षर नाही. जिताड्याचं कालवण पानात होतं, तरी नाही. मॅडम दोनदा बोलायला गेल्या आणि घास घेऊन गप्प बसल्या. त्यांना गप्प बसलेलं मी तेवढंच बघितलं.

नव्या पट्ट्या आल्या तेव्हा आम्ही शहाड स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभ्या होतो. माझा फोन वाजला. मी फाइल उघडली, मॅडमनी फोन हिसकावून घेतला. निव्वळ सोयाबीनच्या रांगेच्या पट्ट्या ओळखू येत नव्हत्या, सगळे रंग फिरलेले. त्या माशांची आतडी आम्ही पाहिली होतीच, लाल, सुजलेली. मॅडमनी बोटानं स्क्रीन सरकवली. तिसरी रांग. जुने रंग जागच्या जागी! कडेला एकदोन नवे, पातळसे, पाहुणे आल्यासारखे. बाकी मंडळी घरातच. मॅडम रांगेतच उड्या मारायला लागल्या. मीही. मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, लॉटरी लागली काय?" मॅडमनी वळून त्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, "तुमचं पोट कसं आहे हो?"

दादाकडे जाऊन त्यांनी या खेपेला काही पटवलं नाही. पट्ट्या दाखवल्या, चुकलेल्याही आणि बरोबर आलेल्याही. म्हणाल्या, "तूच ठरव." दादानं बराच वेळ फोन डोळ्यांजवळ धरून पाहिलं. मग तळ्याच्या कोपऱ्यात जाळ्याचा एक पिंजरा होता तो दाखवला. "यात थोडे सोडतो. खाद्य तुझं, बगणार मी."

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मॅडम रोज मला विचारायच्या, दादाचा फोन आला का, आणि स्वतः लावायच्या नाहीत. मग एका सकाळी त्याचा फोन आला, तोही मला. "तुझ्या मॅडमला घेऊन ये. पिंजऱ्यातले चांगले हायत. आज सगळ्या तळ्यात टाकतो."

आम्ही गेलो. बांधावर घमेली भरून ठेवलेली, वहिनी आलेल्या, शेजारचे दोघंतिघं उभे. दादानं घमेलं उचललं आणि मॅडम एकदम पाठ फिरवून उभ्या राहिल्या. खाडीकडे तोंड करून, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून.

"मॅडम, इकडं बघा ना," मी म्हटलं.

"मला नाही बघवणार. तू सांग."

दादानं टाकलं. शेव पाण्यावर पसरली. पहिला मासा आला, मग दुसरा, मग एकदम पाच-सहा.

"काय झालं?"

"आले वर. तोंडात घेतलं, मॅडम."

"ते घेतातच गं. पुढचं सांग."

मी बघत राहिले. पहिला मासा खाली गेला. त्यानं काही बाहेर टाकलं नाही. दुसरा गेला. मग सगळं तळंच उसळलं, शेव दिसेनाशी झाली, पाणी आमच्या पायांवर उडालं, आणि मी घसा फाटेस्तोवर ओरडले, "गिळलं! मॅडम, गिळलं!"

मॅडम तरीही वळल्या नाहीत. त्यांचे खांदे हलत होते.

दादानं दुसरं घमेलं उचललं, पण टाकलं नाही. ते घेऊन तो बांधावरून चालत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि घमेलं त्यांच्यापुढं धरलं.

"घे," तो म्हणाला. "नि मना सांग, मूठ केवढी टाकायची."